फटका 'मारणे' आणि फटका 'बसणे' : फलंदाजीतील टायमिंगविषयी

१. प्रास्ताविक

क्रिकेटच्या परिभाषेतील बऱ्याच मोठ्या भागाला मराठीने स्वतःचे शब्द दिले आहेत. यष्टी, षटक, पायचीत, त्रिफळाचीत, यष्टिरक्षक, क्षेत्ररक्षण हे शब्द वृत्तपत्रांतून आणि बाळ ज. पंडित यांच्यासारख्या समालोचकांच्या धावत्या वर्णनांतून इतके रूढ झाले, की ते कोणी तरी घडवलेले आहेत याचाही आज विसर पडतो. 'टायमिंग' या शब्दाच्या बाबतीत मात्र तसे घडलेले नाही. 'वेळ साधणे' हा वाक्प्रचार भाषेत पूर्वापार आहे. परंतु त्याचा कल संधी साधण्याकडे अधिक, त्यामुळे खेळाडूच्या तोंडी इंग्रजी शब्दच राहिला.

शब्द परका राहिला की कल्पनाही गूढ राहते असा अनुभव आहे. एखाद्या मुलाविषयी 'त्याच्याकडे टायमिंग आहे' किंवा 'त्याच्याकडे टायमिंग नाही' असे आपण म्हणतो, तेव्हा टायमिंग ही उंची किंवा डोळ्यांचा रंग यांसारखी जन्मजात वस्तू असावी असे गृहीत धरतो. हा निर्णय ऐकणारा मुलगा बारा-तेरा वर्षांचा असतो आणि पुष्कळदा तो निर्णय खरा मानूनच बॅट खाली ठेवतो. मालवण, आचरा, देवबाग, वेंगुर्ले या किनारपट्टीवर टेनिसच्या चेंडूवर वाढलेला मुलगा प्रथमच कठीण चेंडूला सामोरा जातो तेव्हा तर हा शिक्का त्याच्यावर फार लवकर बसतो. यास्तव टायमिंग म्हणजे नेमके काय, ते कशाने बिघडते आणि कशाने सुधारते, याचा विचार करणे अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखात तो विचार भाषेच्या बाजूने आरंभून खेळाच्या बाजूने पुरा करण्याचा प्रयत्न केला आहे.

२. तीन क्रियापदे

'टायमिंग'ला मराठी नाम मिळाले नाही, हे खरे. परंतु नाम नाही म्हणून कल्पनाही नाही असे समजणे भाषेच्या अभ्यासकाला तरी शोभणार नाही. मैदानावरील बोलण्याकडे कान दिला असता असे आढळते, की चेंडू आणि बॅट यांची गाठ पडल्याचे सांगताना मराठी बोलणारा मुख्यतः तीन क्रियापदे वापरतो : मारणे, लागणे आणि बसणे. 'त्याने चेंडू मारला', 'चेंडू बॅटीला लागला' आणि 'चेंडू बॅटीवर बसला' ही तीन वाक्ये एकमेकांच्या जागी ठेवता येत नाहीत.

'मारणे' हे सकर्मक क्रियापद होय. त्यात कर्ता आहे, त्याचा हेतू आहे आणि त्याचे बळ आहे. 'लागणे' आणि 'बसणे' ही दोन्ही येथे अकर्मक असून त्यांत चेंडू हाच कर्ता आहे. फलंदाज वाक्यात दिसतही नाही. तथापि या दोहोंतही भेद आहे. ठेच लागते, धक्का लागतो, बॅटची कट लागते. 'लागणे' म्हणजे न योजलेला स्पर्श. उलट झाकण बसते, निखळलेला सांधा बसतो, लुगड्याची घडी बसते. 'बसणे' म्हणजे ज्या वस्तूची जी जागा तेथे ती अचूक येणे. 'हात बसणे' या वाक्प्रचाराने तर सरावाने अंगी आलेले कौशल्यच सांगितले जाते.

मालवणी बोलीत हा भेद रूपांतही उमटतो. 'तेना बॉल मारल्यान' या वाक्यातील '-न' हा प्रत्यय लक्षात घेण्याजोगा आहे. सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळी रूपाला येथे कर्त्याची खूण जोडली जाते. प्रमाण मराठीत द्वितीय पुरुषी 'मारलास' या रूपात 'स' येतो, त्याच जातीचा हा प्रकार आहे. परंतु 'बॉल बॅटीर बसलो' किंवा 'बॉल बॅटीक लागलो' असे म्हणताना ही खूण गळून पडते. 'मारल्यान' म्हणताना खेळणारा क्रियापदाच्या शेपटाशी चिकटून राहतो. 'बसलो' म्हणताना तो बाजूला होतो आणि चेंडू व बॅट यांचाच काय तो व्यवहार उरतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. क्रियापदांवरून शरीरशास्त्र सिद्ध होत नाही. 'पावसाचा शेतीला फटका बसला' असेही मराठी म्हणते आणि त्यात कौशल्याचा लवलेशही नाही. तेथे ज्याला झळ पोहोचली तो '-ला' प्रत्ययाने दाखवला जातो. मैदानावरील 'मस्त बसला' या उद्गारात असा कोणी झळ सोसणारा नसतो, एवढा फरक मात्र नोंदवला पाहिजे. तेव्हा भाषेने सुचवलेली गोष्ट, म्हणजे उत्तम फटक्यात बळ लावणारा कर्ता मागे सरतो ही, प्रत्यक्षात कितपत खरी आहे हे स्वतंत्रपणे तपासून पाहिले पाहिजे.

३. अर्ध्या सेकंदाचा हिशेब

खेळपट्टीची लांबी बावीस यार्ड, म्हणजे २०.१२ मीटर. गोलंदाज चेंडू सोडतो त्या रेषेपासून फलंदाजाच्या उभ्या राहण्याच्या रेषेपर्यंतचे अंतर सुमारे १७.७ मीटर भरते. ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू सेकंदाला सुमारे ३९ मीटर जातो. हवेत आणि टप्प्यावर त्याचा वेग कमी होतो हे जमेस धरले, तर फलंदाजाच्या वाट्याला जेमतेम अर्धा सेकंद येतो. ताशी १०० किलोमीटरच्या चेंडूला याहून थोडा अधिक, पाऊण सेकंदाच्या आतबाहेर वेळ लागतो.

हा सगळा वेळही वापरता येत नाही. पीटर मॅक्लाउड या मानसशास्त्रज्ञाने १९८७ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या संदर्भात महत्त्वाचा आहे. मॅटिंगच्या खाली लाकडी पट्ट्या ठेवून त्याने चेंडूचा टप्पा अनपेक्षितपणे वळेल अशी व्यवस्था केली आणि कसोटी दर्जाच्या फलंदाजांना यंत्राने टाकलेले चेंडू खेळावयास लावले. वळलेल्या चेंडूप्रमाणे बॅटची दिशा बदलावयास त्यांनाही सुमारे एक पंचमांश सेकंद लागला. त्याहून उशिरा कळलेल्या गोष्टीचा त्यांना काहीच उपयोग झाला नाही. याचा अर्थ असा, की कोणत्याही फलंदाजाच्या दृष्टीने चेंडूच्या प्रवासाचा अखेरचा पंचमांश सेकंद हा दुरुस्तीच्या पलीकडचा असतो. श्रेष्ठ खेळाडूंची प्रतिक्रिया इतरांपेक्षा फारशी जलद नसते. ते आधीच्या वेळाचा उपयोग अधिक चांगला करतात.

तो कसा करतात हेही पुढे कळले. मायकेल लँड आणि मॅक्लाउड यांनी २००० साली निरनिराळ्या पातळीच्या तीन फलंदाजांच्या नजरेचा माग घेतला. चेंडू सुटताना नजर त्यावर असते. मग ती चेंडूला सोडून पुढे झेप घेते आणि जेथे टप्पा पडेल असे वाटते तेथे जाऊन थांबते. टप्प्यानंतर पुन्हा काही काळ चेंडूची सोबत करते. अधिक चांगल्या फलंदाजाची ही झेप लवकर होते. डेव्हिड मान आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवले, की अव्वल फलंदाजांचे डोके चेंडूच्या दिशेबरोबर वळत राहते आणि डोळे मात्र चेंडूच्या पुढे जाऊन त्याची वाट पाहतात. त्याहीपूर्वीचा टप्पा ब्रूस अ‍ॅबरनेथी आणि त्यांचे सहकारी यांच्या अभ्यासात दिसतो : मुरलेला फलंदाज चेंडू हातातून सुटण्यापूर्वीच, गोलंदाजाच्या धावेतून व हाताच्या हालचालीतून, येणाऱ्या चेंडूचा पुष्कळसा अंदाज बांधतो.

या सर्वांचा मथितार्थ एवढाच, की टायमिंग ही गाठ पडण्याच्या क्षणी करावयाची गोष्ट नव्हे. त्या क्षणी करण्यासारखे काही उरलेलेच नसते. कठीण चेंडू व बॅट यांचा स्पर्श अवघा सुमारे एक सहस्रांश सेकंद टिकतो. कोणत्याही हाताला त्यात नव्याने काही भर घालणे शक्य नाही. टायमिंग म्हणजे आधी झालेल्या पाहण्याचे, पावलांचे आणि थांबण्याचे फळ होय. 'मारणे' हे क्रियापद फलंदाजाचे लक्ष त्या अखेरच्या क्षणाकडे ओढते. 'बसणे' ते तेथून काढून घेते. भाषेची सूचना येथपर्यंत तरी खरी ठरते.

आणखी एक प्रत्यक्ष पुरावा हाताचाच आहे. बॅटच्या पात्याच्या खालच्या भागात, टोकापासून साधारण पंधरा ते वीस सेंटिमीटर वर, असा एक पट्टा असतो की तेथे चेंडू आदळला असता मुठीला हादरा जवळजवळ पोहोचत नाही. इतरत्र आदळला तर हाताला झिणझिण्या येतात. 'बसलेल्या' फटक्यात फलंदाजाला काही केल्यासारखे वाटत नाही आणि तरी चेंडू दूर जातो. कर्ता वाक्यातून गळतो तो उगाच नव्हे.

४. सरळ बॅटीचे कारण

तंत्राच्या पुस्तकांत 'सरळ बॅटने खेळावे' हा नियम धर्माज्ञेप्रमाणे सांगितलेला असतो. त्यामागचे कारण मात्र चुकीच्या हिशेबात आहे. नियमांप्रमाणे बॅटची रुंदी १०.८ सेंटिमीटरहून अधिक असू शकत नाही. पात्याची लांबी मात्र अर्ध्या मीटरहून जास्त असते. बॅट उभी आणली तर चेंडूच्या उसळीचा अंदाज वीतभर चुकला तरी तो पात्यावरच येतो. बॅट आडवी आणली तर तीच चूक पाच-सहा सेंटिमीटरवर आली की कट लागते किंवा चेंडू सुटतो.

वेळेच्या चुकीचेही असेच आहे. उभी बॅट चेंडूच्या वाटेनेच पुढे येते; ती क्षणभर लवकर आली तर चेंडू हवेत उठतो, क्षणभर उशिरा आली तर जमिनीत दबतो, परंतु गाठ बहुधा पडतेच. बॅट सेकंदाला हजार अंश या गतीने फिरते असे धरले, तर सेकंदाच्या शंभराव्या भागाची चूक पात्याचा कोन दहा अंशांनी बदलते. ही चूक धाव हिरावून घेईल, कदाचित झेलही देईल. परंतु पुष्कळदा डाव संपवणार नाही. आडव्या बॅटीत तेवढ्याच काळात चेंडू वीतभर पुढे निघून गेलेला असतो. सरळ बॅट टायमिंग निर्माण करीत नाही. टायमिंग चुकले असता ती क्षमा करते. नवशिक्याला ती क्षमा अधिक लागते, म्हणून हा नियम त्याच्यासाठी आधी आहे.

५. पुळण, मळा आणि सडा

आता हा विचार मालवणच्या किनाऱ्याला लावून पाहू. या भागात मुले मुख्यतः तीन प्रकारच्या जमिनीवर खेळतात. ओहोटीला उघडी पडलेली ओली पुळण ही पहिली. येथे टप्प्यावर चेंडूचा बराचसा वेग वाळूतच जिरतो, चेंडू खाली राहतो आणि भिजून जड होतो. भातकापणीनंतरचा मळा ही दुसरी. ढेकळे, भाताचे खुंट आणि भेगा यांमुळे येथे उसळीचा भरवसा नसतो, आणि मेर हीच सीमारेषा. जांभ्या दगडाचा सडा ही तिसरी. येथे चेंडू जोराने व उंच उसळतो आणि कातळाच्या खाचखळग्यांवरून मन मानेल तसा वळतो. मॅक्लाउडने मॅटिंगखाली लाकडी पट्ट्या ठेवून जे साधले ते सड्यावर निसर्गाने आयतेच मांडून ठेवले आहे.

तिन्ही ठिकाणी चेंडू बहुधा टेनिसचा. त्याचे वजन ५६ ते ५९.४ ग्रॅम, क्रिकेटच्या चेंडूचे सुमारे १५६ ते १६३ ग्रॅम. आकारात दोहोंचा फरक थोडा, वजनात जवळजवळ तिपटीचा. त्यामुळे हवेचा अडथळा टेनिसच्या चेंडूला फार लवकर मंद करतो आणि टप्प्यानंतर तो वर उठून जणू घटकाभर रेंगाळतो. या चेंडूवर वाढलेला फलंदाज त्याच्या उठण्याची वाट पाहण्यास शिकतो, खालच्या हाताचा जोर लावतो आणि पुढचा पाय बाजूला घेऊन आडव्या बॅटने तो उचलतो. त्या खेळात हे तंत्र चुकीचे नाही. किंबहुना त्या चेंडूचे तेच योग्य टायमिंग होय.

हाच मुलगा मॅटिंगवर कठीण चेंडूला उभा राहिला, की चेंडू त्याच्या अपेक्षेपेक्षा लवकर आणि खालून येतो. त्याची बॅट उशिरा पोहोचते. कट लागते किंवा पॅडवर चेंडू आदळतो. मग 'टायमिंग नाही' असा शेरा मिळतो. वस्तुतः त्याच्याकडे टायमिंग आहे. ते दुसऱ्या चेंडूचे आहे. प्रमाण भाषा बोलताना अडखळणाऱ्या मालवणी मुलाला 'भाषा येत नाही' असे म्हणण्याइतकाच हा शेरा चुकीचा आहे. भाषा त्याला येते. ती दुसऱ्या घरची आहे. दोन्ही बाबतीत शिक्षकाचे काम जुने पुसून टाकण्याचे नसून नव्याची जोड देण्याचे आहे.

किंबहुना अशा जमिनीने दिलेली एक देणगी फार मोलाची आहे. डॉनल्ड ब्रॅडमन लहानपणी बाउरल येथे घराच्या मागील बाजूस पाण्याच्या टाकीच्या विटांच्या पायावर गोल्फचा चेंडू फेकून, परत येणारा चेंडू एका स्टंपने खेळत असे, ही हकिकत सर्वश्रुत आहे. तेथेही चेंडू कोठून कसा परतेल याचा नेम नव्हता आणि हातातील साधन बॅटहून कितीतरी अरुंद होते. अनिश्चित उसळीवर वाढलेल्या मुलाला चेंडू लवकर पाहण्याची आणि बॅट अखेरपर्यंत मोकळी ठेवण्याची सवय लागते. ती टिकवावी आणि वेळेचे माप तेवढे बदलावे, हे शहाणपणाचे.

६. शिकवण्याची भाषा

नेटमध्ये ऐकू येणारी नेहमीची आज्ञा घेऊ : 'डोके स्थिर ठेव, पाय पुढे टाक, बॅट सरळ आण.' उच्चाराच्या दृष्टीने ही बारा अक्षरे होतात. साधारण बोलण्यात आपण सेकंदाला पाच-सहा अक्षरे उच्चारतो. म्हणजे ही आज्ञा पुरी होण्यास दोन सेकंद हवेत. तेवढ्या अवधीत ताशी १४० किलोमीटरचे चार चेंडू एकामागून एक येऊन जातील. शिक्षकाने ती मोठ्याने म्हटली काय किंवा मुलाने मनात घोळवली काय, अर्ध्या सेकंदात ती मावत नाही. अर्धीमुर्धी आज्ञा घेऊन खेळणारा मुलगा दोन्हीकडून जातो : त्याला वाक्यही पुरे होत नाही आणि चेंडूही नीट दिसत नाही.

आज्ञेचा आशय हीही एक अडचण आहे. 'डोके स्थिर' या शब्दांचा शब्दशः अर्थ घेतलेला मुलगा मान ताठ धरतो. वर पाहिल्याप्रमाणे अव्वल फलंदाजाचे डोके मात्र चेंडूबरोबर वळत असते. सांगणाऱ्याला 'तोल ढळू देऊ नकोस, डोके बाजूला पडू देऊ नकोस' असे अभिप्रेत असते, पण ऐकणारा 'हलू नकोस' असे ऐकतो. 'चेंडूवर नजर ठेव' ही आज्ञाही अशीच. ती अक्षरशः पाळणे कोणालाच साधत नाही. तिचे उपयुक्त रूप 'हातातून सुटताना बघ' हे आहे, कारण त्यात काय पाहावे याबरोबर केव्हा पाहावे हेही सांगितलेले आहे.

गाब्रिएले वुल्फ यांनी १९९८ पासून केलेल्या अभ्यासांतून एक गोष्ट वारंवार पुढे आली आहे, की हालचाल शिकणाऱ्याचे लक्ष स्वतःच्या अवयवांवर न ठेवता त्या हालचालीच्या बाहेरील परिणामावर ठेवले असता शिकणे अधिक चांगले होते. 'कोपर वर ठेव' यापेक्षा 'चेंडू गोलंदाजाच्या यष्टीकडे परत पाठव' हे अधिक फलदायी. मालवणीत 'बॉल येवंदे' एवढे दोन शब्द पुरतात. त्यात कर्तेपण चेंडूकडे दिलेले आहे, काळ सांगितलेला आहे आणि अवयवांची यादी नाही.

या ठिकाणी रमाकांत आचरेकर यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. त्यांचा जन्म १९३२ साली मालवणचा. आडनावातील आचरे हे गाव मालवण तालुक्यातच. स्वतः त्यांच्या वाट्याला प्रथम श्रेणीचा एकच सामना आला, तो स्टेट बँकेच्या संघाकडून, १९६३-६४ च्या हंगामात. परंतु मुंबईच्या शिवाजी पार्कवर त्यांच्या हाताखाली सचिन तेंडुलकर, विनोद कांबळी, प्रवीण आमरे, चंद्रकांत पंडित, अजित आगरकर असे खेळाडू घडले. १९९० साली त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार आणि २०१० साली पद्मश्री मिळाली. २ जानेवारी २०१९ रोजी ते निवर्तले.

आचरेकरांच्या पद्धतीत बोलण्याला स्थान थोडे आणि प्रसंगाला फार होते. दमलेल्या तेंडुलकरला दिवसाच्या अखेरीस खेळावयास उभे करून ते यष्टीवर रुपयाचे नाणे ठेवीत. जो गोलंदाज त्याला बाद करील त्याचे ते नाणे, कोणीच बाद न केल्यास ते फलंदाजाचे. अशी तेरा नाणी तेंडुलकरने जपून ठेवली आहेत. साठ दिवसांच्या एका उन्हाळी सुटीत आपण पंचावन्न सराव सामने खेळलो, असे त्याने २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात सांगितले आहे. लहानपणी भावाची जड बॅट वापरल्यामुळे त्याची मूठ दांड्यावर खाली बसली होती. ती बदलून पाहिली गेली, पण अवघडल्यासारखे होऊ लागल्यावर पूर्वीचीच राहू दिली. आणि १६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडे स्टेडियमवर निरोपाचे भाषण करताना, एकोणतीस वर्षांत सरांनी आपल्याला एकदाही 'छान खेळलास' असे म्हटले नाही, हे त्याने सर्वांदेखत सांगितले.

या हकिकतींचा नेहमी शिस्तीच्या किंवा कठोरपणाच्या अंगाने विचार होतो. आपल्या दृष्टीने त्यांचा अर्थ निराळा आहे. जी गोष्ट शब्दांत मावत नाही ती शब्दांनी शिकवण्याचा हव्यास या पद्धतीत दिसत नाही. नाणे हे वाक्य नव्हे. परंतु फलंदाजाचे लक्ष आपल्या कोपरावरून उचलून बाद न होण्यावर नेण्याचे काम ते कोणत्याही वाक्याहून चांगले करते. पंचावन्न सामने म्हणजे पंचावन्न निरनिराळ्या खेळपट्ट्या व गोलंदाज; चेंडू लवकर ओळखण्याची शक्ती वाढते ती याच मार्गाने.

७. सरावाविषयी काही सूचना

वरील विवेचनावरून सरावाचा एक क्रम सुचतो.

प्रथम केवळ पाहण्याचा सराव करावा. फलंदाजाने बॅट न फिरवता उभे राहावे आणि चेंडू हातातून सुटताच 'पुढे' किंवा 'मागे' एवढेच मोठ्याने म्हणावे. दोन अक्षरांचा शब्द अर्ध्या सेकंदात मावतो. टप्पा पडल्यावर शब्द निघाला तर ओळखणे उशिरा झाले, हे शिक्षकाला आणि मुलाला तत्काळ कळते. टिमोथी गॅलवे यांनी १९७४ मधील आपल्या टेनिसविषयक पुस्तकात टप्प्याच्या व फटक्याच्या क्षणी एकेक शब्द उच्चारण्याची युक्ती सांगितली आहे, ती याच जातीची. संथ चेंडूवर तीही करून पाहण्याजोगी आहे. जलद चेंडूवर टप्पा व बॅट यांच्यातील अंतर एका अक्षराच्या उच्चाराहूनही लहान असते.

दुसरा सराव उशिरा खेळण्याचा. समोरून खालून अलगद फेकलेला चेंडू डोळ्यांच्या खाली येईपर्यंत येऊ द्यावा आणि तेथेच खेळावा. जमिनीवर एक रेघ ओढून गाठ तिच्या पुढे पडली की मागे हे पाहता येते. पायात घालण्याच्या मोज्यात चेंडू घालून आंब्याच्या फांदीला टांगला, तरी एकट्याला हा सराव होतो. मात्र टांगलेल्या चेंडूला ठरावीक लय असल्यामुळे त्यावरच समाधान मानू नये.

तिसरा सराव वरच्या हाताचा. फक्त वरच्या हाताने, लहान किंवा हलकी बॅट धरून, सरळ पट्ट्यात चेंडू ढकलावा. टेनिसच्या चेंडूने प्रबळ झालेला खालचा हात त्यामुळे काही काळ गप्प राहतो आणि पात्याचा मार्ग सरळ होतो. मग दोन्ही हात लावावेत, पण खालच्या हाताची पकड सैल ठेवावी. सुनील गावसकर यांचा अखेरचा कसोटी डाव, मार्च १९८७ मध्ये पाकिस्तानविरुद्ध बंगलोरच्या फिरत्या व उसळत्या खेळपट्टीवरील ९६ धावांचा, हा सैल हातांचा आणि उशिरा खेळण्याचा धडा म्हणून पुनःपुन्हा पाहावा असा आहे.

चौथी गोष्ट चेंडूच्या अदलाबदलीची. टेनिसच्या चेंडूवरून कठीण चेंडूवर एकदम उडी न घेता, एकाच दिवशी दोन्ही चेंडू आळीपाळीने खेळावेत. आरंभी कठीण चेंडू जवळून व सावकाश फेकावा. पुळणीवर खेळून सड्यावर जावे, सड्यावरून मॅटिंगवर. दोन बोली बोलणारा मनुष्य समोरचा माणूस पाहून बोली बदलतो, तसे चेंडू पाहून वेळेचे माप बदलणे हे शिकता येते. मात्र दोहोंचा व्यवहार चालू असला पाहिजे.

पाचवी गोष्ट सोडून देण्याची. जो फटका आज बसत नाही तो आज न खेळणे हाही टायमिंगचाच भाग होय. जानेवारी २००४ मध्ये सिडनी येथे तेंडुलकरने नाबाद २४१ धावा केल्या त्या कव्हरच्या दिशेचा आपला आवडता फटका जवळजवळ वर्ज्य करून. ज्याच्या टायमिंगविषयी कोणाला शंका नव्हती त्यालाही हा संयम करावा लागला, हे नवशिक्याने विसरू नये.

८. समारोप

टायमिंग उपजत असते की नाही, या वादात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. डोळा, स्नायू आणि धैर्य यांत माणसामाणसांत फरक असतोच. परंतु ज्याला आपण टायमिंग म्हणतो त्यातील फार मोठा भाग आधी पाहण्याचा, पाऊल वेळेवर ठेवण्याचा आणि बॅट रोखून धरण्याचा आहे. आणि या तिन्ही गोष्टी शिकवता येतात, एवढे वरील विवेचनावरून म्हणावयास हरकत नसावी. तेव्हा 'टायमिंग नाही' या शेऱ्याऐवजी 'केव्हा पाहिलेस?' हा प्रश्न विचारणे अधिक उचित. शेऱ्याने मुलगा गप्प होतो. प्रश्नाचे उत्तर त्याला पुढच्या चेंडूवर शोधता येते.

मालवणच्या टोपीवाला बोर्डिंगच्या मैदानावर किंवा एखाद्या मळ्यात चेंडू मेरेपार गेल्यावर 'बसलो!' असा ओरडा उठतो. ओरडणाऱ्या मुलांपैकी कोणी व्याकरण शिकलेले नसते आणि सहस्रांश सेकंदाचा हिशेबही त्यांनी केलेला नसतो. तरीही नेमके कोणते क्रियापद येथे योग्य हे ती जाणतात. शिकवणाऱ्याने त्यांची ही भाषा थोडी लक्ष देऊन ऐकली आणि 'मार'ऐवजी 'येवंदे' म्हणण्याची सवय लावून घेतली, तर पहिल्या कठीण चेंडूनंतर खाली ठेवल्या जाणाऱ्या बॅटींपैकी काही तरी पुन्हा उचलल्या जातील.